पैसे भरून पाहायच्या वाहिन्या फुकट वाहिन्यांपेक्षा खरंच चांगल्या असतात का? की सगळं मालकावर ठरतं?

मृण्मयी_क

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढतेय.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, नवी दरप्रणाली लागू झाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. हव्या त्याच वाहिन्या निवडा, प्रत्येकीची किंमत पडद्यावर लिहिलेली, पाहाल त्याचेच पैसे द्या. वाटलं, आता प्रेक्षकाला गिऱ्हाईक म्हणून किंमत येईल आणि पाठोपाठ कार्यक्रमही सुधारतील. आज चित्र काय आहे? आमच्याकडे पैसे देऊन घेतलेल्या मराठी मनोरंजन वाहिनीवर अर्ध्या तासाच्या भागात गोष्ट जेमतेम वीस-बावीस मिनिटं चालते. त्यातही आदल्या दिवशीचा शेवट पुन्हा दाखवतात आणि उद्याची झलक असतेच. ज्या जाहिराती फुकट वाहिनीवर, त्याच इथे. मग मी महिन्याला पैसे नेमके कशाचे भरतेय?

माझं मत असं बनत चाललंय की वाहिनी फुकट की विकत, हा मुद्दा दुय्यम आहे. ती कोणाची आहे, त्या मालकाचे बाकीचे धंदे कोणते, आणि प्रेक्षक निघून गेला तर त्याला कितपत झळ बसते, यावर दर्जा ठरतो. तुमचा अनुभव काय? विरोधी मतं असतील तर जरूर लिहा, तीच जास्त हवी आहेत.

सदापुढे

चांगला विषय. वाचतोय.

निखिल_र

मृण्मयीताई, असहमत. प्रेक्षकाच्या पैशावर चालणारी वाहिनी वेगळी असते आणि त्याचा सगळ्यात मोठा पुरावा एचबीओ आहे. १९७२ साली अमेरिकेत सुरू झाली तीच मुळी जाहिरातींशिवाय, थेट वर्गणीवर. वर्गणीदार महिन्याच्या शेवटी राहतो की जातो एवढीच त्यांची परीक्षा. जाहिरातदार नाराज होईल ही भीती नसल्यामुळे नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी ज्या धाटणीच्या मालिका केल्या त्या जाहिरातींवर चालणाऱ्या मोठ्या नेटवर्कांना जमण्यासारख्याच नव्हत्या. साबणाच्या कंपनीला दर दहा मिनिटांनी कोट्यवधी लोक पडद्यासमोर हवे असतात. वर्गणीवाल्याला एक अशी मालिका हवी असते जिच्यासाठी माणूस पैसे भरेल, मग तिच्या प्रेक्षकांची संख्या कमी असली तरी चालतं. फरक इथून सुरू होतो.

आपल्याकडे हे घडत नाही याचं कारण आपण पैसेच कमी देतो.

हेडएंडवाला

निखिल, तुमचं एचबीओबद्दलचं बरोबर आहे, पण ते आपल्या व्यवस्थेला लागू होत नाही. मी या धंद्यात उमेदीची वर्षं काढली आहेत, आधी लोकल केबल आणि नंतर एमएसओकडे, म्हणजे लोकल केबलवाल्यांना वाहिन्या पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीकडे. पैसा कसा फिरतो ते सांगतो, म्हणजे चर्चा जमिनीवर येईल.

आपल्याकडची 'पे' वाहिनी दोन्हीकडून घेते, प्रेक्षकाकडून वर्गणी आणि जाहिरातदाराकडून जाहिरात. तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं, म्हणजे १० मिनिटं जाहिराती आणि २ मिनिटं स्वतःच्या कार्यक्रमांचा प्रचार, असा केबल टीव्ही नियमावलीतला नियम आहे. तो पे आणि फुकट दोघांनाही सारखाच आहे. पैसे भरणाऱ्याला कमी जाहिराती दाखवा असं कुठंच लिहिलेलं नाही. ट्रायनं २०१३ मध्ये ही मर्यादा काटेकोर पाळायला लावायचं ठरवलं तेव्हा वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. नियमाचा हिशेब धरला तर मृण्मयीताईंना अर्ध्या तासात २४ मिनिटं कार्यक्रम मिळायला हवा.

आता फुकट वाहिन्यांचं बघा. प्रेक्षकाला फुकट म्हणून वाहिनीला फुकट, असं होत नाही. अ‍ॅनालॉग केबलच्या काळात एका तारेतून मोजक्याच वाहिन्या जायच्या. सुरुवातीच्या आकड्यांवर, म्हणजे प्राइम बँडमध्ये, चित्र स्वच्छ यायचं. त्या जागेसाठी वाहिन्या आम्हाला पैसे मोजायच्या. त्याला आम्ही कॅरेज आणि प्लेसमेंट म्हणायचो. बातम्यांच्या कित्येक वाहिन्यांचा वर्षाचा मोठा खर्च कार्यक्रमांवर नव्हे, या कॅरेजवर व्हायचा. उरलेल्या पैशात काय करणार? चार माणसं बोलवा, स्टुडिओत बसवा, भांडू द्या. बातमीदार पाठवण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. आज वादावादी चालते त्यामागे हे अर्थकारणही आहे.

प्राची_व

@हेडएंडवाला, डिजिटल झाल्यावर तरी हे थांबलं का? २०१२ नंतर बॉक्स आले तेव्हा तेच कारण सांगितलं होतं ना?

हेडएंडवाला

प्राची, जागेची टंचाई संपली पण मागणी संपली नाही. आता लँडिंग पेज आलं. तुम्ही बॉक्स चालू केला की जी वाहिनी आपोआप समोर येते, ती जागा विकली जाते. रिमोट हातात घेऊन तुम्ही तुमच्या वाहिनीवर जाईपर्यंत जो वेळ जातो तो तिच्या टीआरपीला मदत करतो, म्हणून बातम्यांच्या वाहिन्यांची त्यावर उडी. ट्रायनं डिसेंबर २०१८ मध्ये याला आळा घालणारा आदेश काढला, तो २०१९ मध्ये टीडीसॅट या दूरसंचार न्यायाधिकरणानं रद्द केला.

गच्चीवरची_छत्री

फुकटवाल्यांची बाजू कोणी मांडत नाहीये म्हणून मी लिहिते. आमच्या घरी गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे. बॉक्स आणि छत्रीचे पैसे एकदा दिले, नंतर महिना नाही की रिचार्ज नाही. २००४ च्या डिसेंबरमध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावानं ही सेवा सुरू झाली आणि आज देशातल्या चार कोटींहून जास्त घरांत आहे असं धरलं जातं. खासगी डीटीएचचे ग्राहक घटत असताना ही छत्री वाढतेच आहे.

ही सगळी घरं काय पाहतात? जुन्या मालिका, डब केलेले दाक्षिणात्य चित्रपट, बातम्या, भजन, दूरदर्शन. शिळं म्हणा हवं तर. पण माझ्या सासूबाई सह्याद्रीवर शास्त्रीय गाणं ऐकतात, नाट्यविषयक कार्यक्रम पाहतात, आणि तसलं काही विकतच्या मराठी वाहिन्यांवर आठवड्यातून एकदाही नसतं. शेतीचा कार्यक्रम, जो मुंबई दूरदर्शननं 'आमची माती आमची माणसं' नावानं वर्षानुवर्षं चालवला, तो एखादी पे वाहिनी करेल का? शेतकऱ्यासाठी जाहिरात कोण देणार, हा त्यांचा पहिला प्रश्न असेल.

सदापुढे

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं १९८७ ची 'रामायण' मालिका पुन्हा लावली आणि बघता बघता डीडी नॅशनल देशात सर्वाधिक पाहिली जाणारी वाहिनी झाली. तेव्हा आमच्या अख्ख्या चाळीत एकाच वेळी एकाच भागाचा आवाज यायचा. विकतच्या वाहिन्यांकडे नवीन भागच नव्हते, चित्रीकरण बंद!

निखिल_र

सदापुढे, ते जुन्या साठ्याचं यश आहे. दूरदर्शनला आज नवं तसं काही करता येतंय का?

आणि छत्रीताई, फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्या तिथे समाजसेवेला बसलेल्या नाहीत. प्रसारभारती जागांचा ई-लिलाव करते आणि वाहिन्या वर्षाला कोट्यवधींची बोली लावून जागा घेतात. ते पैसे जाहिरातींतूनच वसूल करायचे असतात.

गच्चीवरची_छत्री

लिलावाबद्दल मान्य, निखिल. पण त्यातच माझा मुद्दा आहे. एप्रिल २०२२ पासून चार मोठ्या समूहांनी त्यांच्या जुन्या मालिका दाखवणाऱ्या वाहिन्या, म्हणजे स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल, एकदमच फ्री डिशवरून काढून घेतल्या. प्रेक्षक भरपूर होते, जाहिराती मिळत होत्या, तरी काढल्या. कारण उघड आहे, फुकट मिळतंय म्हटल्यावर लोक विकतचे पॅक सोडत होते. चारही मालक एकाच दिशेला गेले आणि करोडो घरांचं संध्याकाळचं पाहणं बदललं. कार्यक्रम चांगले की वाईट हा विचार त्यात कुठेच नव्हता. धाग्याच्या मूळ प्रश्नाला माझं हे उत्तर.

मृण्मयी_क

@गच्चीवरची_छत्री, हे नेमकं लिहिलंत. +१

संकलन_टेबल

मी मराठी मालिकांचं संकलन करतो, पे वाहिन्यांसाठीच. वाहिनीचं नाव घेणार नाही. आतून काय दिसतं ते लिहितो.

टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे गुरुवारी येतात. त्या दिवशी आमच्याकडे कोणी मोठ्यानं बोलत नाही. दुपारपर्यंत वाहिनीच्या माणसाचा निर्मात्याला फोन येतो, आणि त्यात सरासरी आकडा नसतो, मिनिटामिनिटाचा आलेख असतो. अमुक प्रसंगाला रेघ खाली गेली, तमुक पात्र आलं की वर गेली. मग ठरतं, सासऱ्याच्या आजारपणाचा ट्रॅक गुंडाळा, त्या दुसऱ्या बाईला परत आणा. आधीच तयार भागांची बँक हाताशी असेल तर बरं, बहुतेक वेळा दोन-तीन भागांचीच असते. म्हणजे गुरुवारी ठरलेलं सोमवारी पडद्यावर. लेखक रात्री प्रसंग लिहितो, सकाळी सेटवर कागद जातो, संध्याकाळी फुटेज माझ्या टेबलावर. भाग तीस सेकंद कमी पडला तर मी काय करतो? प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकेक कट वाढवतो, त्यावर धाडकन संगीत. तुम्ही सगळे ज्याला नावं ठेवता तो तीनदा वळणारा चेहरा कित्येकदा वेळ भरण्यासाठी असतो.

आता यात वर्गणीदार कुठे आहे? कुठेही नाही. वाहिनीच्या बैठकीत 'किती लोकांनी आपली वाहिनी पैसे देऊन निवडली' हा आकडा माझ्यापर्यंत कधी आलेला नाही. आलेख मात्र दर आठवड्याला येतो. बार्कचे मीटर देशभरात पन्नास हजारांच्या वर घरांत आहेत, त्यातली मराठी घरं त्याचा एक हिस्सा. त्या घरांना जे आवडलं ते आम्ही सगळ्यांसाठी बनवतो. वर्गणी लाखो घरं भरतात आणि मत मात्र मीटरवाल्या घरांचं मोजलं जातं.

आमचे दिग्दर्शक, कलाकार, छायालेखक गुणी आहेत हो. त्यांना आठवड्याला एक भाग करायला द्या, काय करतात बघा.

रानवारा

तीनदा वळणाऱ्या चेहऱ्याचं कारण कळल्यावर आता आजीला काय सांगू? ती म्हणते, 'बघ, किती धक्का बसलाय तिला!' :)

प्राची_व

@संकलन_टेबल, फार मोलाचा प्रतिसाद. हा धागा इथेच वसूल झाला.

मला बातम्यांच्या बाजूनं लिहायचंय, कारण मालकीचा मुद्दा तिथे जास्त बोचतो. मराठीतलंच उदाहरण घ्या. २००७ मध्ये 'स्टार माझा' आली. बातम्यांच्या वाहिनीत तेव्हा परदेशी गुंतवणुकीला २६ टक्क्यांची मर्यादा होती, त्यामुळे नाव स्टारचं असलं तरी बहुसंख्य मालकी आनंद बाजार पत्रिका (एबीपी) समूहाकडे. २०१२ मध्ये स्टारनं आपलं नाव काढून घेतलं आणि ती 'एबीपी माझा' झाली. मनोरंजनात मात्र अशी मर्यादा नाही. तिकडे 'ईटीव्ही मराठी' रामोजी राव यांच्या समूहानं सुरू केली, मग ती नेटवर्क१८ कडे गेली, २०१५ मध्ये 'कलर्स मराठी' झाली. २०१४ पासून नेटवर्क१८ वर ताबा रिलायन्सचा. एनडीटीव्ही डिसेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाकडे गेली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्नी यांचे भारतातले टीव्ही व्यवसाय एकत्र झाले, म्हणजे स्टारच्या आणि कलर्सच्या वाहिन्या एका घरात आल्या. स्पर्धा आयोगानं काही वाहिन्या सोडायच्या अटीवर परवानगी दिली.

यातल्या कुठल्या बदलाच्या वेळी प्रेक्षकाला कोणी विचारलं? वर्गणीदार असा नाहीतर फुकट पाहणारे असा, मालक बदलला हे आपल्याला पेपरात वाचून कळतं. आणि ज्या समूहाचं तेल, बंदर, वीज, फोन, दुकानं असं सगळं आहे त्याच्या एकूण उलाढालीत बातम्यांची वाहिनी किती लहान! ती तोट्यात गेली तरी त्यांचं बिघडत नाही. मग ते ती का चालवतात, हा प्रश्न विचारायला हवा.

निखिल_र

प्राची, मोठ्या समूहाकडे पैसा असतो म्हणून वाहिनी टिकते हीसुद्धा बाजू आहे. लहान मालकांच्या किती मराठी वाहिन्या आल्या आणि पगार थकवून बंद पडल्या. पत्रकारांना विचारा, त्यांना कुठला मालक परवडतो.

प्राची_व

थकलेल्या पगारांबद्दल पूर्ण सहमत. माझ्या घरातच तो अनुभव आहे. पण टिकणं आणि मोकळेपणानं बोलता येणं या दोन गोष्टी आहेत.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. ट्रायनं ऑगस्ट २०१४ मध्ये माध्यम मालकीवर सविस्तर शिफारशी दिल्या होत्या. राजकीय पक्षांना आणि सरकारी संस्थांना प्रसारणापासून दूर ठेवा, बड्या उद्योगसमूहांच्या प्रवेशावर निर्बंध घाला, एकाच मालकाकडे वर्तमानपत्र आणि टीव्ही दोन्हीत एका बाजारपेठेत किती हिस्सा असावा याला मर्यादा घाला. त्याचा कायदा झालेला नाही. २०२२ मध्ये त्यावर पुन्हा सल्लामसलतीचा कागद निघाला.

संपादक_मंडळ

सदस्यांना विनंती, चर्चा पक्ष आणि नेत्यांकडे वळू देऊ नये. आतापर्यंत उत्तम चालली आहे.

अण्णा_मु

मी यातला सगळ्यात जुना प्रेक्षक असेन. टीव्हीसाठी परवाना काढावा लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत, ते आठवतं का कोणाला? ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते होतं. म्हणजे दूरदर्शन तेव्हा 'फुकट' नव्हतंच. तो पैसा दूरदर्शनला थेट मिळून त्याचा कारभार स्वतंत्र असता तर गोष्ट वेगळी झाली असती. इंग्लंडमध्ये परवाना शुल्कावर बीबीसी उभी आहे, जपानमध्ये एनएचके. आपण शुल्क बंद केलं आणि प्रायोजक आणले. प्रसारभारतीचा कायदा १९९० मध्ये झाला, अंमलात यायला १९९७ उजाडलं, आणि पगारासाठी अजूनही सरकारी अनुदानाकडेच बघावं लागतं. त्यामुळे मालक कोण हा प्रश्न खासगी वाहिन्यांपुरता ठेवू नका, मृण्मयी. सरकारी मालकीतही दिल्लीला काय आवडेल हे पाहूनच बातमी लागते. आणीबाणी मी पाहिली आहे.

एक गोष्ट तरुण मंडळींना माहीत असावी. ९ फेब्रुवारी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून माहिती-प्रसारण मंत्रालय आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात वाद होता. १९९३ च्या हिरो कपचं ते प्रकरण. निकाल देणाऱ्या खंडपीठात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्यांनी म्हटलं की प्रक्षेपणाच्या लहरी (एअरवेव्ह्ज) ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचं नियमन लोकहितासाठी एका स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरणानं करावं. सरकारची मक्तेदारी त्यांनी नाकारली, आणि खासगी मक्तेदारीचा धोकाही त्याच निकालात स्पष्ट सांगितला. तीस वर्षं होऊन गेली, तसं प्रसारणाचं स्वतंत्र प्राधिकरण काही आलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. तेव्हा आम्हाला खरंच वाटलं होतं की आता होईल.

मृण्मयी_क

अण्णा, निकालाची माहिती दिलीत त्याबद्दल मनापासून आभार. सरकारी मालकीबद्दलचं म्हणणं पटतं. माझ्या पोस्टमध्ये 'मालक' म्हटलं त्यात सरकार धरलेलंच आहे.

बाउंसर

क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर जरा अवांतर. विकतच्या वाहिन्यांची खरी ताकद मालिकांत नाही, क्रिकेटमध्ये आहे. २०२३ ते २०२७ या आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. तेव्हा टीव्ही स्टारकडे आणि डिजिटल रिलायन्सच्या वायकॉम१८ कडे होतं, म्हणून २०२३ ला जिओसिनेमावर आख्खी आयपीएल फुकट दाखवली. आपण खूश! दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि २०२५ ला पैसे भरा सुरू. फुकट होतं ते स्पर्धा होती म्हणून.

मात्र एक कायदा आपल्या बाजूचा आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसारभारतीला द्यावं लागतं, टीव्हीच्या जाहिरात उत्पन्नात ७५ टक्के हक्कधारकाचे आणि २५ टक्के प्रसारभारतीचे. म्हणून छत्रीवाल्यांना भारताचे सामने दिसतात.

हेडएंडवाला

त्यात एक मेख आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शननं फक्त स्वतःच्या अँटेनावर आणि फ्री डिशवर दाखवायचं, खासगी केबल आणि डीटीएचवर नाही. म्हणून ज्याच्याकडे केबल आहे त्याला तोच सामना डीडीवर दिसत नाही, क्रीडा वाहिनीचे पैसे मोजावे लागतात. माझ्याकडे दर मालिकेला लोक भांडायला यायचे, 'शेजारच्या छत्रीवर दिसतंय, तुमच्याकडे का नाही?' समजावून सांगता सांगता पहिली पाच षटकं व्हायची.

बाउंसर

हा हा, तुमच्या दारात एक टीव्ही लावून ठेवायचा होता!

इंग्लंडचं उदाहरण मात्र मला खरोखर अस्वस्थ करतं. २००५ ची अ‍ॅशेस चॅनेल ४ वर सगळ्यांना फुकट दिसली, देश वेडा झाला. २००६ पासून त्यांचं घरचं क्रिकेट स्कायच्या वर्गणीमागे गेलं. मंडळाला पैसा मिळाला, स्कायचं प्रक्षेपण उत्तमच होतं, कॅमेरे, विश्लेषण सगळं वरच्या दर्जाचं. पण वर्गणी नसलेल्या घरातल्या पोरांना कसोटी क्रिकेट टीव्हीवर दिसेनासं झालं. २०१९ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना स्कायनं चॅनेल ४ लाही दाखवू दिला तो त्यामुळेच मोठा प्रसंग ठरला. दर्जा वाढूनही खेळाचं नुकसान होऊ शकतं हे मला त्यातून दिसतं.

रानवारा

चॅनेल ४ म्हणजे ती सरकारी ना?

प्राची_व

रानवारा, मालकी सार्वजनिक, पण चालते जाहिरातींवर. प्रेक्षकाला फुकट. १९८२ मध्ये सुरू करतानाच ठरवलं की कार्यक्रम स्वतः बनवायचे नाहीत, बाहेरच्या स्वतंत्र निर्मात्यांकडून घ्यायचे आणि इतर वाहिन्या ज्या प्रेक्षकांकडे बघत नाहीत त्यांच्यासाठी करायचे. मधे तिचं खासगीकरण करायचा घाट घातला होता, तो जानेवारी २०२३ मध्ये सोडून दिला. निखिलच्या एचबीओइतकंच हे उदाहरण लक्षात घ्यायला हवं. पैसा जाहिरातीचा, तरी दर्जा राखता आला, कारण नफा खिशात घालणारा मालक नाही आणि काम काय करायचं ते कायद्यात लिहिलेलं आहे.

निखिल_र

चॅनेल ४ चं उदाहरण चांगलं आहे, पण ते एखाद-दुसरंच. इटलीत बर्लुस्कोनींच्या मीडियासेटच्या वाहिन्याही फुकट आणि जाहिरातींवरच्या होत्या. मालक थेट पंतप्रधान, आणि त्या पदामुळे 'राई' या सरकारी प्रसारण संस्थेवरही वजन. फुकट टीव्हीचं हेही टोक आहे.

माझा आग्रह एवढाच की बिनजाहिरातीची वर्गणी आपल्याकडे नीट आजमावलीच गेली नाही. २०१३ मध्ये एचबीओनं भारतात 'डिफाइन्ड' आणि 'हिट्स' अशा दोन जाहिरातमुक्त वाहिन्या आणल्या होत्या. काही वर्षांतच बंद झाल्या. पुढे २०२० च्या डिसेंबरमध्ये एचबीओनं इथून टीव्ही वाहिनीच काढून घेतली. मराठीत कोणी तसा प्रयत्न करावा, मी पहिला वर्गणीदार.

संकलन_टेबल

निखिल, तशी वाहिनी निघाली तर मी पहिला अर्जदार. आठवड्याला एक भाग, नीट लिहिलेला, आणि गुरुवारी कोणाचा फोन नाही.

हेडएंडवाला

ती निघाली तरी तुमच्या टीव्हीपर्यंत आणणार कोण? रिलायन्सनं २०१८ मध्ये हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत बहुसंख्य हिस्सा घेतला. झी समूहाचे प्रवर्तक डिश टीव्ही आणि सिटी केबलच्या धंद्यात होते. वाहिनी ज्याची, तारही त्याचीच, अशी स्थिती असली की नवख्याला जागा, क्रमांक, पॅक या प्रत्येक पायरीवर अडतं.

आणि पॅकबद्दल बोलायलाच हवं. मृण्मयीताईंनी २०१९ च्या आनंदाचा उल्लेख केला. तेव्हा ठरलं होतं की पॅकमध्ये घालायची तर वाहिनीची किंमत १९ रुपयांच्या आत हवी. मोठ्या समूहांनी मुख्य वाहिनीला बरोब्बर १९ लावले आणि पॅक इतका स्वस्त केला की सुटी वाहिनी घेणारा वेडा ठरावा. तुम्हाला हवी असलेली एक घ्यायची तर तिच्याबरोबर दहा नको असलेल्या येतात, आणि त्या दहांचा पसारा दाखवून जाहिराती विकल्या जातात. २०२० मध्ये मर्यादा १२ वर आणली, न्यायालयात वर्षं गेली, २०२२ च्या नोव्हेंबरात परत १९ झाली, सोबत पॅकवरची सूट ४५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली. नको असलेल्या वाहिन्या घरात येतच राहिल्या. निवडीचा हक्क कागदावर होता, व्यवहारात पॅक जिंकला.

गच्चीवरची_छत्री

@हेडएंडवाला, जुलै २०२४ ची दुरुस्ती राहिली. एखादी पे वाहिनी फ्री डिशवर फुकट दिली तर ती सगळ्याच केबल-डीटीएचवर फुकट जाहीर करावी लागेल असं ट्रायनं म्हटलं. म्हणजे तीच वाहिनी छत्रीवाल्याला फुकट आणि केबलवाल्याला विकत, हा प्रकार बंद व्हावा.

हेडएंडवाला

बरोबर. आणि त्यानंतर मालकांना ठरवावं लागतं, वाहिनी विकायची की फुकट ठेवायची. माझ्या मते ताजं ते विकत आणि शिळं ते फुकट, हीच विभागणी पक्की होत जाणार.

अण्णा_मु

आणि ताजं म्हणजे चांगलं असं नव्हे, हे संकलन_टेबल यांनी वर दाखवूनच दिलंय.

मृण्मयी_क

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. निखिल, बिनजाहिरातीच्या वर्गणीबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं, पण ती एचबीओसारखी वर्गणी आपल्याला कोणी विकतच नाहीये. आपल्याकडे विकतात ती जाहिरातींसकट, पॅकमध्ये बांधलेली आणि मीटरच्या आलेखावर बेतलेली. त्यामुळे मूळ प्रश्नाला इथल्यापुरतं माझं उत्तर 'नाही' असंच आहे.

काल ऑपरेटरला फोन करून पॅक काढून टाकायला सांगितला आणि दोनच पे वाहिन्या सुट्या घेतल्या, बाकी फुकटच्या. त्यानं तीनदा विचारलं, 'मॅडम, पॅकमध्ये जास्त मिळतंय, का सोडताय?' वरून सुट्याचा आणि पॅकचा फरक फार नाही हेही ऐकवलं. तरी सुट्याच घेतल्या. माझ्या पैशातला एक रुपयाही मी न पाहिलेल्या वाहिनीला जाऊ नये असं वाटतं.

@गच्चीवरची_छत्री, आईकडे छत्री बसवायची म्हणतेय. सह्याद्री व्यवस्थित दिसते का पावसात?

गच्चीवरची_छत्री

जोराच्या सरीत थोडा वेळ जाते, मग परत येते. छत्रीचं तोंड जीसॅट-१५ कडे, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेकडच्या उपग्रहाकडे हवं, समोर झाड नको. बॉक्स एमपेग-४ चाच घ्या, जुन्या बॉक्सवर सगळ्या वाहिन्या येत नाहीत. लिलाव झाल्यावर वाहिन्यांच्या जागा बदलतात, तेव्हा एकदा ऑटो स्कॅन मारायचं. आईंना ते दाखवून ठेवा.

संकलन_टेबल

मृण्मयीताई, त्या दोन सुट्या वाहिन्यांत आमची असेल तर कळवा. बैठकीत कोणीतरी पैसे देऊन निवडल्याचं पहिल्यांदाच सांगता येईल, आणि मी ते खरंच सांगणार आहे.